माटुंगा नीट खायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही दोघं पुण्याहून बदली होऊन वडाळ्याला राहायला आलो. माटुंगा जवळच आहे, म्हणून एका रविवारी सकाळी गेलो. तासभर रांगेत उभं राहून इडली-डोसा खाल्ला, मग दुसऱ्या हॉटेलात जाऊन पुन्हा तेच खाल्लं. सगळं साधारण सारखंच लागलं, त्यात वेटरची घाई. लोक माटुंग्याचं एवढं कौतुक करतात ते कशासाठी? कुठून सुरुवात करावी? पुढच्या महिन्यात सासूबाई येणार आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. त्यांना कुठे नेता येईल?"

सगळ्यात आधी रविवारची सकाळ सोडून द्या. त्या वेळी किंग्ज सर्कलला अर्धी मुंबई उतरलेली असते. हॉटेलवाल्याचं लक्ष टेबल रिकामं होण्याकडे आणि तुमचं लक्ष पाठीशी ताटकळणाऱ्या माणसाकडे. अशा वेळी चव कळणं अवघड. तुम्हाला सगळं सारखं लागलं त्याचं दुसरं कारण म्हणजे तुम्ही दोन्हीकडे पोट भरून खाल्लंत. दुसऱ्या हॉटेलात पोहोचलात तेव्हा भूक उरली नव्हती.

मी या भागात बरीच वर्षं खाद्यफेऱ्या घेते. त्याआधी केटरिंग करत होते आणि माझं बरंचसं सामान माटुंगा बाजारातूनच यायचं. त्यामुळे एक गोष्ट खात्रीनं सांगते. माटुंग्याचं खाणं हौसेनं बाहेर जेवायला निघालेल्या मंडळींसाठी सुरू झालेलं नाही. घर लांब राहिलेल्या, खोलीवर राहून नोकरी करणाऱ्या माणसाच्या रोजच्या दोन वेळांसाठी ते उभं राहिलं. हे ध्यानात घेतलंत की वेटरची घाई, आधी घ्यायचं कूपन, एकाच टेबलावर बसलेली अनोळखी माणसं, पहाटे उघडणारी दारं, या सगळ्याचा अर्थ लागतो. म्हणून माझा सल्ला एवढाच, की तिथे रोजच्या गिऱ्हाइकासारखं जा. एका वेळी थोडं खा आणि पुन्हा पुन्हा जा. तुम्ही वडाळ्याला राहता, तुम्हाला हे सहज जमण्यासारखं आहे. वडाळा रोडहून अंधेरी-गोरेगावकडे जाणारी हार्बर लोकल पकडलीत की पुढचंच स्टेशन किंग्ज सर्कल.

थोडा इतिहास सांगते, कारण त्याचा सांबाराशी थेट संबंध आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. त्यानंतर 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यानं दादर, माटुंगा, शीव या पट्ट्यात रुंद रस्त्यांची, बागांची नवी वस्ती आखली. किंग्ज सर्कलचा गोल, म्हणजे आजचं माहेश्वरी उद्यान, आणि फाइव्ह गार्डन्स ही त्याच आखणीतली. इंग्रजी येणारे, टायपिंग-शॉर्टहँड शिकलेले तमिळ तरुण तेव्हा रेल्वेत आणि कंपन्यांच्या कचेऱ्यांत नोकरीला लागत होते. माटुंग्याचं रेल्वे वर्कशॉप तर 1915 पासूनचं. ही मंडळी इथे स्थिरावली तशी देवळं आली, भजन समाज आले. 1932 मध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटीची सुरुवात झाली. मात्र त्यांना रोज जेवू घालणारे हॉटेलवाले बहुतेक तमिळ नव्हते. ते आले उडुपी-मंगळूरकडून. कुणी तुळू बोलणारे, कुणी कन्नड, कुणी कोकणी बोलणारे सारस्वत. खाणारा तमिळ आणि रांधणारा कर्नाटकच्या किनाऱ्यावरचा, हीच माटुंग्याच्या चवीची मेख आहे. राम आश्रय 1939 चं, कॅफे मद्रास 1940 चं, रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, म्हणजे खाणावळ, 1942 चं. सगळी तीन-चार वर्षांत, ऐन महायुद्धाच्या तोंडावर किंवा धामधुमीत उभी राहिली. 1943 मध्ये तर मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं. रव्याची इडली आपण दक्षिणेचा प्राचीन पदार्थ समजून खातो, पण बंगळूरच्या एमटीआर या जुन्या हॉटेलचं सांगणं असं की महायुद्धात तांदूळ मिळेनासा झाला तेव्हा ती त्यांच्याकडे पहिल्यांदा केली गेली.

आता सुरुवात. पहिल्या फेरीला हॉटेलात जाऊच नका, बाजारात जा. आठवड्यातला कुठलाही दिवस, सकाळी आठ-साडेआठची वेळ, माटुंगा स्टेशनच्या पूर्वेचा भाग. (सेंट्रलचं हे स्टेशन 2017 पासून पूर्णपणे महिला कर्मचारी चालवतात, मला त्याचं फार कौतुक आहे.) स्टेशनाबाहेर पडलात की फुलांची दुकानं लागतात. मोगऱ्यासारख्या दाट ओवलेल्या जुईच्या माळा, त्यांत मधूनमधून अबोली. आपल्याकडे गोव्यात आणि कोकणात अबोलीचं जे कौतुक, तेच दक्षिणेतही आहे. पुढे भाजीवाल्यांकडे थांबा आणि तुमच्या पुण्याच्या मंडईत सहसा न दिसणारं काय दिसतं ते बघा. सांबाराचे छोटे कांदे, पिवळसर पट्ट्यांची मद्रास काकडी, सोललेलं केळफूल, कोहळ्याच्या फोडी, नेंद्रन केळी, कढीपत्त्याच्या पेंढ्याच्या पेंढ्या, केळीच्या पानांचे गठ्ठे. किराणा दुकानात तिळाचं तेल, तांदळाचे सांडगे, अप्पळम (तमिळ पापड), ताकात मुरवून वाळवलेल्या मिरच्या. ताकातल्या मिरच्या आपल्या सांडगी मिरचीच्या जवळच्या, पण आत मसाला नसतो. पाव किलो घ्या आणि दहीभाताबरोबर तळून खा. नारळाच्या तेलात तळलेले केळ्याचे वेफर्स घेताना कढईतून नुकताच घाणा काढलेला असेल तिथून घ्या. पाकिटाला नाक लावून तेलाचा वास बघा. खोबरेल जुनं असेल तर तो वास लपत नाही.

हे सगळं हॉटेलाआधी का? कारण कुठल्याही वस्तीत घरोघरी काय शिजतं ते तिथल्या भाजीवाल्याच्या टोपलीत दिसतं. हॉटेलच्या कार्डावर दिसतं ते गिऱ्हाईक काय मागतं. या दोन्हींत किती अंतर पडलंय ते पाहिलंत की वस्ती कुठून कुठे गेली ते समजतं. मी मोहम्मद अली रोडला गेले किंवा पुण्यात कसब्यात गेले तरी आधी बाजारच बघते.

दुसऱ्या फेरीपासून खायला लागा, आणि एकच पदार्थ घ्या. मी लोकांना सांबारापासून सुरुवात करायला लावते. एका हॉटेलात एक प्लेट इडली दोघांत, दुसऱ्या हॉटेलात दुसऱ्या दिवशी तेच. इडली सांबारात बुडवून मागवू नका, सांबार वाटीत वेगळं घ्या. चमचा ढवळण्याआधी वास घ्या. भाजलेल्या धण्याचा आणि खोबऱ्याचा वास आधी आला, रंग तांबूस असूनही तिखटपणा बेताचा वाटला आणि मागाहून गुळाची गोडी जिभेवर राहिली, तर हा उडुपीचा हात. तो रंग ब्याडगी मिरचीचा. ती रंगाला जोरदार आणि तिखटाला मवाळ. याउलट हिंग आणि चिंच पुढे, डाळ जास्त, गूळ नाहीच किंवा जेमतेम, तर झुकाव तमिळ घरातल्या सांबाराकडे. माटुंग्यातली बरीच सांबारं या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात, आणि कोण कुठल्या बाजूला किती सरकलंय ते ओळखण्यात खरी मजा आहे. पुण्यात गुळाची आमटी खाऊन वाढलेल्या माणसाला उडुपीकडचं सांबार लगेच आवडतं. तमिळ मंडळी मात्र ते गोड म्हणून नाक मुरडतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

इडलीचंही तसंच. आपण घरी तांदूळ भिजवून वाटतो, तमिळ पद्धतीत उकड्या तांदळाचं पीठ गुळगुळीत वाटलेलं असतं. कर्नाटकाकडे तांदळाचा रवा भिजवून तो वाटलेल्या उडदात मिसळण्याची पद्धत जास्त, त्यामुळे जिभेला किंचित रवाळपणा जाणवतो. इडली बोटानं दाबून सोडली की ती परत वर यायला हवी. मोडल्यावर भुगा पडला तर उडीद कमी पडलेत किंवा पीठ आंबलेलं नाही. आणि गरम असताना सगळ्याच इडल्या बऱ्या लागतात. अर्धी इडली पाच-सात मिनिटं तशीच ठेवा आणि मग खा. गार झालेली इडली मऊ राहिली तर त्या स्वयंपाकघरात पीठ नीट वाटतात. केटरिंग करताना पीठ पुरवणाऱ्यांना मी असंच पारखत असे.

कॅफे मद्रासला गेलात तर मसाला डोसा पुढच्या खेपेला ठेवा. आधी रसमवडा किंवा नीर डोसा घ्या. नीर डोशाच्या पिठात उडीद नाहीत, आंबवणं नाही. नुसता वाटलेला तांदूळ, पाणी, मीठ, कुठे थोडं खोबरं. पीठ ताकासारखं पातळ असतं, पळीनं पसरत नाहीत, तव्यावर ओततात. चांगला नीर डोसा पांढराशुभ्र, जाळीदार आणि रुमालासारखा घडी पडणारा असतो. तो तपकिरी झाला की बिघडला. तांदूळ हलका असेल तर लपवायला मसाला नाही, लोणी नाही, काही नाही, म्हणून मी त्याच्यावरून स्वयंपाकघर ओळखते. कुठे कोट्टे इडली दिसली तर तीही सोडू नका. फणसाच्या पानांचे द्रोण टाचून त्यात इडलीचं पीठ ओतून वाफवतात. पान उलगडल्यावर जो वास येतो तो आपल्याला हळदीच्या पानातल्या पातोळ्यांमुळे ओळखीचा वाटतो. पान वेगळं, पण किनारा एकच.

सकाळी लवकर उठणारे असाल तर स्टेशनजवळचं राम आश्रय. ते पहाटेच उघडतं आणि त्या दिवशी काय आहे ते फळ्यावर लिहिलेलं असतं. बसण्याआधी फळा वाचा. शिरा दिवसादिवसाला बदलतो, अननसाचा लोकांना फार आवडतो. साडेसहाला गेलात तर फिरायला निघालेले आजोबा आणि पहिल्या पाळीला निघालेले लोक दिसतात. नऊनंतर सगळा नूरच पालटतो.

आता बोर्डिंग. रामा नायक यांचं बोर्डिंग माटुंगा स्टेशनला लागून असलेल्या मार्केटच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. कूपन घ्यायचं, नंबर येईपर्यंत थांबायचं, मिळेल त्या जागेवर बसायचं. इथे जाताना उशिरा आणि भुकेनं कासावीस होऊन जाऊ नका. बाराच्या सुमारास पोहोचा. केळीच्या पानावरचं जेवण घ्या. भाज्या, पुरी वगैरे येतंच, पण लक्ष भाताकडे ठेवा, कारण हे जेवण भाताभोवती बांधलेलं आहे. आपली मराठी मंडळी पोळी-पुरीवर ताव मारतात आणि भात आला की "थोडाच" म्हणतात. तिथे हे उलटं करायचं. पुरी एखादीच खा. भात तीनदा घ्या, थोडा थोडा. पहिला सांबाराबरोबर, दुसरा रसमबरोबर, शेवटचा दह्याचा किंवा ताकाचा. दाटाकडून पातळाकडे आणि उष्णाकडून थंडाकडे हा क्रम जातो. आपल्याकडे वरणभातापासून ताकभातापर्यंत जातो तसाच. रसमभात कालवताना भात बोटांनी थोडा मोडून घ्या, मधोमध खळगा करा आणि त्यात रसम घ्यायला सांगा. नाहीतर ते पानावरून थेट मांडीवर येतं. भाताचा बांध घालून रसम अडवणं हे कसब आहे आणि शेजारचा माणूस ते बोलता बोलता करत असतो. त्याच्याकडे बघून शिका. वाढपी वेगानं येतो, कारण त्यानं पूर्वापार ऑफिसच्या डब्याच्या वेळेत माणसं जेववली आहेत. त्याला "सावकाश" म्हणालात तर तो थांबतो, मी कधी कुणाला चिडलेलं पाहिलेलं नाही. अन्न मात्र पानात टाकू नका.

कॉफीसाठी वेगळा वेळ ठेवा. जेवणावर ढकललेली कॉफी म्हणजे कॉफीचा अपमान. माटुंग्यात कॉफी पावडर समोर दळून देणारी दुकानं आहेत. तिथे नुसतं "फिल्टर कॉफी द्या" म्हणू नका. पीबेरी आणि प्लँटेशन (हे कॉफीच्या बियांचे प्रकार) अर्धं-अर्धं, त्यात 20 टक्के चिकोरी (कॉफीत मिसळतात ते भाजलेलं मूळ), असं सांगा आणि फक्त 100 ग्रॅम घ्या. पुढच्या वेळी चिकोरी 10 टक्के करून बघा. चिकोरीला नाक मुरडायची हल्ली पद्धत आहे, मला ती पटत नाही. दक्षिणेच्या कॉफीला जो दाटपणा आणि दुधात टिकणारा गडद रंग लागतो तो चिकोरीनं येतो. फक्त प्रमाण बघा. कायद्यानं मिश्रणात किमान 51 टक्के कॉफी असली म्हणजे झालं, म्हणजे स्वस्त पाकिटात निम्मी चिकोरी असू शकते. म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. घरी पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरमध्ये पावडर हलकीच दाबा, उकळीच्या जरा खालचं पाणी घाला आणि विसरून जा. ठोकून दाबलीत तर डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, उतरतच नाही.

आजचा माटुंगा 1940 चा राहिलेला नाही, हेही सांगायला हवं. 1960 च्या दशकाच्या शेवटी मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध आंदोलन झालं, उडपी हॉटेलांवर दगड पडले. ती हॉटेलं टिकली, आणि आज मराठी घरांत रविवारचा नाश्ता म्हणजे इडली-सांबार असतो, याचा मला मनापासून आनंद आहे. पुढे तमिळ कुटुंबं चेंबूर, मुलुंड, डोंबिवली, नवी मुंबईला पांगली आणि माटुंग्यात गुजराती, कच्छी जैन वस्ती वाढली. त्यांच्यासाठी हॉटेलांना फार बदलावं लागलं नाही. उडुपीच्या कृष्णमठाच्या परंपरेतल्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसतोच, त्यामुळे तसं सांबार करणं या स्वयंपाक्यांना अंगवळणी होतं. अडचण बटाट्याची, तिथे बऱ्याच ठिकाणी कच्च्या केळ्याची भाजी भरतात. चीज डोसा पाहून जुने लोक हळहळतात. मी तो मागवत नाही, पण त्याला वस्तीचाच भाग मानते. ज्या गिऱ्हाइकाच्या जोरावर हॉटेल चालतं त्याच्या आवडीचं तिथे मिळणारच, 1940 मध्येही तसंच होतं. सर्कलच्या कोपऱ्यावर कूलर अँड कंपनी हा जुना इराणीही आहे. त्याचा चहा आणि ब्रुनमस्का याच हिशेबात धरा, इराण्यांनीही खोलीवर राहणाऱ्या एकट्या माणसालाच सांभाळलं. मासे हवे असतील तर पूल ओलांडून पश्चिमेला या, सिटीलाइटजवळच्या गोपी टँक मंडईत. तिथून पुढे मराठी माटुंगा-माहीम सुरू होतं आणि तो वेगळाच विषय आहे.

वर्षातून एकदा जमलं तर गणपतीत जा. किंग्ज सर्कलच्या जीएसबी (गौड सारस्वत ब्राह्मण) सेवा मंडळाचा गणपती सोन्याच्या दागिन्यांसाठी बातम्यांत येतो, पण मला तिथलं अन्नसंतर्पण जास्त मोलाचं वाटतं. पाच दिवस हजारो माणसं केळीच्या पानावर जेवतात. एवढ्या माणसांचा भात शिजवून, गरम असताना, पंगतीमागून पंगत वाढणं म्हणजे काय ते केटरिंग केलेल्या माणसाला विचारा.

सासूबाईंबद्दल. त्यांना बोर्डिंगला नेऊ नका. जिना आहे, वर थांबावं लागतं आणि त्यांना त्यात सुख लागणार नाही. सोमवारही टाळा, कॅफे मद्रास आणि रामा नायक दोन्ही त्या दिवशी बंद असतात. मंगळवार ते शुक्रवार, दुपारी चारच्या सुमारास किंग्ज सर्कलला टॅक्सीनं या, लोकलचे जिने नकोत. त्या वेळी तळमजल्यावरच्या हॉटेलांत रांग जवळजवळ नसते आणि गल्ल्यावरच्या माणसाला "आजींना भिंतीकडची जागा द्या" म्हटलं की तो देतो. त्यांच्यासाठी नीर डोसा मागवा, चावायला मऊ आणि पोटाला हलका. सोबत रसम वाटीत, तिखट वाटलं तर त्यात अर्धा चमचा तूप. चटणी वेगळी ठेवायला सांगा. त्यांना देवळाची आवड असेल तर भांडारकर रोडवरचं आस्तिक समाजाचं मंदिर जवळ आहे, संध्याकाळी उघडतं. बाजार मात्र त्यांच्याबरोबर गाडीतूनच बघा. उतरायचं तर एकाच ठिकाणी उतरा, फुलवाल्याकडे. तिथे बसायला स्टूल मागितलं तर मिळतं.